राखणीची चराई : डोंगर, झुडूप आणि कळप यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे कुरण केवळ पावसाने घडलेले नाही. शतकानुशतके तेथे चरलेली जनावरे, त्यांना राखणारी माणसे, उन्हाळ्यात पेटणारे वणवे आणि जांभ्या खडकावरची पातळ माती या सर्वांच्या एकत्रित परिणामातून ते घडले आहे, आणि म्हणूनच यांपैकी एखादा घटक बाजूला झाला किंवा त्याचे प्रमाण बिघडले, की कुरणाचे रूपही पालटू लागते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत हा पालट आज ठळकपणे दिसतो. जेथे एके काळी कमरेइतके गवत उभे राहत असे, अशा अनेक उतारांवर घाणेरी, रानमोडी आणि काटेरी झुडपांच्या जाळ्या पसरल्या आहेत. चरणाऱ्या जनावरांच्या साहाय्याने ही झुडपे आटोक्यात कशी ठेवता येतील, कोठे ठेवता येणार नाहीत आणि त्यासाठी कोणते ज्ञान, कोणती माणसे व कोणती व्यवस्था लागते, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या विषयाला ग्रंथात ‘राखणीची चराई’ असे नाव दिले आहे. ठरावीक जातीची आणि ठरावीक संख्येची जनावरे, वर्षातील ठरावीक काळात, डोंगराच्या ठरावीक तुकड्यावर चारून तेथील वनस्पतींमध्ये आधीच योजलेला बदल घडवून आणणे, असा तिचा अर्थ आहे. मोकाट चराईत जनावर स्वतःच्या आवडीने हिंडते आणि आवडते गवत पुनःपुन्हा खाऊन नावडते झुडूप मागे ठेवते. चराईबंदीत जनावर आतच येत नाही. राखणीच्या चराईत मात्र जनावर येते, पण राखणदाराच्या निर्णयाने येते आणि त्याच्याच निर्णयाने बाहेर पडते. मराठी वाचकासमोर आजवर बहुधा पहिल्या दोनच पर्यायांची निवड ठेवली गेली असल्याने या तिसऱ्या पर्यायाची ओळख सविस्तर करून देणे आवश्यक ठरते.

अभ्यासासाठी कोल्हापूर जिल्हा विशेष सोयीचा आहे, कारण थोड्या अंतरात पाऊस आणि जमीन यांचे इतके टोकाचे फरक फार थोड्या जिल्ह्यांत आढळतात. गगनबावड्यात वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. पश्चिमेला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत सह्याद्रीचा मुख्य कणा व त्यापासून पूर्वेकडे निघालेले फाटे आहेत, आणि त्यांच्या माथ्यांवर मसाई पठारासारखे जांभ्याचे सडे आहेत, जेथे मातीचा थर काही बोटांचाच असतो. पूर्वेला काळ्या जमिनीचे माळ होते, ज्यांवर संस्थानकाळात काळविटांचे कळप हिंडत आणि पाळीव चित्त्यांकडून त्यांची शिकार होई. त्यांपैकी बरेच माळ आज ऊसशेतीखाली आले आहेत. त्यामुळे या जिल्ह्यात ‘कुरण’ या एका शब्दाखाली सड्यावरचे बुटके गवत, उतारावरचे उंच गवत, राईच्या कडेचे झुडपी रान आणि गावालगतचे गायरान अशी निरनिराळी चार रूपे येतात, आणि यांपैकी एकाला लागू पडणारा नियम दुसऱ्याला लागू पडतोच असे नाही.

भारतातील गवताळ प्रदेशांची शास्त्रीय मांडणी करण्याचे पायाभूत काम दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी केले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात देशातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार कल्पिले आहेत, आणि त्यांपैकी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या प्रकाराची ओळख शेडा व मारवेल या दोन गवतांवरून ठरवली आहे. या मांडणीचा गाभा असा, की चराई आणि आग यांच्या दाबानुसार गवतांची एक उतरंड लागते: दाब माफक असेल तेथे शेडा, मारवेल, डोंगरी ही पौष्टिक व बहुवर्षायू गवते टिकतात, दाब वाढला की कुसळी पुढे सरसावते, जिची टोकदार कुसळे मेंढीच्या लोकरीत व तोंडात रुततात, आणि दाब आणखी वाढला की एकवर्षायू, हलकी गवते उरतात, ज्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत झुडपाचे बी सहज रुजते. कोल्हापूरपुरते पाहिले, तर श्री. रं. यादव आणि म. म. सरदेसाई यांनी २००२ साली सिद्ध केलेली जिल्ह्याची वनस्पतिसूची, आणि त्यानंतर दहा वर्षांनी शिवाजी विद्यापीठाने प्रकाशित केलेला महाराष्ट्रातील गवतांवरचा ग्रंथ, ही दोन साधने अभ्यासकाच्या हाताशी आहेत. कोणत्या उतारावर काय उगवते हे सांगण्यासाठी अंदाजावर विसंबण्याची गरज आता उरलेली नाही.

झुडपांचा विचार करताना सर्वांत आधी त्यांच्यात भेद करणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक झुडूप शत्रू नाही. करवंद, तोरण, धायटी, हेकळ, निर्गुडी ही येथली मूळची झुडपे माती धरून ठेवतात, पाखरांना व मधमाश्यांना आसरा देतात आणि करवंदासारखी काही झुडपे डोंगरातल्या माणसाला उन्हाळ्यात चार पैसेही मिळवून देतात. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी तर उताराची रक्षणकर्तीच आहे. अशा झुडपांची संख्या मर्यादेत ठेवणे एवढेच उद्दिष्ट असू शकते, त्यांचे निर्मूलन नव्हे. घाणेरी आणि रानमोडी यांची गोष्ट वेगळी आहे. या दोन्ही वनस्पती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेल्या असून घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झाड म्हणून भारतात आणली गेली. तिच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये असतात, ज्यांमुळे जनावराच्या यकृताला इजा होऊन कावीळ होते आणि उन्हात कातडी भाजून निघते. रानमोडीच्या कोवळ्या पाल्यात नायट्रेटचे प्रमाण बाधण्याइतके जास्त असू शकते आणि जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. रामेठ्यासारखी काही देशी झुडपेही विषारी आहेत. याचा अर्थ असा, की घाणेरीने व्यापलेल्या उतारावर उपाशी शेळ्या सोडल्याने उतार मोकळा होईल ही अपेक्षा चुकीची, किंबहुना जनावरांच्या जिवावर बेतणारी आहे.

मग अशा ठिकाणी कळपाचे काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या मांडणीत महत्त्वाचे स्थान घेते. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत घाणेरीचे मूळखोड जमिनीखाली तोडून झुडूप उलटे ठेवले जाते, म्हणजे ते पुन्हा फुटत नाही. परंतु मोकळ्या झालेल्या जागेत पाखरांनी टाकलेल्या बियांपासून नवी रोपे येतच राहतात. अशा वेळी तेथे गवत लवकर आणि दाट बसवणे हाच टिकाऊ उपाय ठरतो. गवताचे बी पडून गेल्यानंतर तेथे आणलेल्या जनावरांच्या खुरांनी ते बी मातीत दाबले जाते, लेंडी आणि मूत्र यांनी हलक्या जमिनीला खत मिळते आणि खाण्याजोगी इतर झुडपी रोपे लहानपणीच खुडली जातात. हातातल्या कुदळीचे काम आधी आणि कळपाचे काम नंतर, असा हा क्रम आहे. तो उलटा केला तर दोन्ही कष्ट वाया जातात.

जनावरांमध्येही खाण्याच्या सवयीनुसार स्पष्ट भेद आहेत. गाय आणि म्हैस जिभेने गवताचा झुबका ओढून खातात, त्यामुळे उंच व भरड गवत कमी करण्यासाठी त्या उपयोगी पडतात. मेंढी जमिनीलगत चरते, बारीक गवत व रुंद पानांच्या लहान वनस्पती निवडते, आणि म्हणून तिला एकाच जागी जास्त दिवस ठेवले तर गवताची मुळेच उघडी पडतात. शेळीचा ओढा झुडपांच्या पाल्याकडे असतो. तिचा लवचिक वरचा ओठ काट्यांमधून पान उचलतो, ती मागच्या पायांवर उभी राहून उंचावरचा पाला गाठते आणि टॅनिनसारखी तुरट द्रव्ये इतर जनावरांपेक्षा अधिक सोसते. कोल्हापूरच्या परिसरात दख्खनी मेंढीचा कोल्हापुरी म्हणून ओळखला जाणारा प्रकार, लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस, खिलार जनावरे आणि उस्मानाबादी व स्थानिक शेळ्या आहेत, म्हणजे वेगवेगळ्या खाण्याची जनावरे येथे आधीपासूनच उपलब्ध आहेत; उणीव आहे ती त्यांना एका योजनेत गुंफण्याची.

योजनेचा प्राण काळात आहे. झुडूप आपल्या मुळांत साठवलेल्या अन्नावर नवी पालवी काढते, आणि ती पालवी साठा पुन्हा भरण्याआधीच खुडली गेली, व असे लागोपाठ घडले, तर झुडूप कमजोर होते. सह्याद्रीतील अनेक झुडपांना ही पालवी चैत्र-वैशाखात, मृगाच्या पावसाच्या आधी फुटते, आणि नेमके त्याच वेळी गवत वाळून निद्रिस्त असते. म्हणून या दोन महिन्यांत राखून चारलेल्या शेळ्या झुडपावर घाव घालतात आणि गवताला धक्का लावत नाहीत. पावसाळ्यात उलट परिस्थिती असते: गवत वाढीला लागलेले असते, सड्यावरची माती खुरांनी तुडवली जाते, आणि गगनबावड्यासारख्या पावसात मेंढीचे खूर सडतात. त्या काळात उताराला विसावा हवा. आश्विन-कार्तिकात गवताचे बी पडल्यावर गुरे-म्हशी आणल्या, तर उभे वाळलेले गवत कमी होते आणि फाल्गुनानंतर डोंगराला लागणाऱ्या वणव्याचे जळणही तितकेच घटते. पंचांगातील महिन्यांशी बांधलेले हे वेळापत्रक हा राखणीच्या चराईचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

हे ज्ञान पुस्तकात येण्यापूर्वी माणसांकडे होते. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की पश्चिम महाराष्ट्रात घाटमाथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर, खोऱ्यात शेती करणारे कुणबी आणि कमी पावसाच्या पठारावर मेंढ्या राखणारे हटकर धनगर यांनी निसर्गातील वेगवेगळी साधने आपसांत वाटून घेतली होती आणि त्यामुळे त्यांच्यातील स्पर्धा मर्यादेत राहत होती. पुढे राखीव जंगले, धरणे आणि अभयारण्ये यांनी गवळी धनगरांचा माथ्यावरचा वावर आक्रसत नेला. दुसरीकडे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या दैवतांच्या अभ्यासातून धनगरांच्या वाटा, मुक्काम आणि ऋतू यांचा सांस्कृतिक नकाशाच उभा केला. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत होणारी भाकणूक, ज्यात पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते, ही दूरदूरचे मेंढपाळ एकत्र येण्याची जागा आहे; चराईच्या कोणत्याही नव्या व्यवस्थेला अशा जुन्या भेटीगाठींच्या जागांचा आधार घ्यावा लागेल. शेतात मेंढरे बसवण्याची प्रथा, ज्यात शेतकरी खतासाठी कळपाला रात्रीचा मुक्काम देतो आणि त्याचा मोबदला धान्याने किंवा पैशाने चुकवतो, हाही जनावरांकडून जमिनीचे काम करून घेण्याचा करारच आहे. डोंगरावरील झुडपांसाठी असाच करार का होऊ नये, असा प्रश्न ग्रंथ उपस्थित करतो.

वैचारिक इतिहासाकडे वळले, तर भारतात प्रदीर्घ काळ वनरक्षणाची बाजू चराईच्या विरोधात उभी राहिली. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलातील चराईवर नियंत्रण आणले आणि शेळीला जंगलाची वैरीण ठरवले गेले. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार येथे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांनी उघडे पडलेले डोंगर पुन्हा हिरवे केले, हे यश निर्विवाद आहे आणि त्याचा आदर करूनच पुढचा विचार करावा लागतो. मात्र अतिचराईने झिजलेल्या डोंगरावर गुणकारी ठरलेले औषध सर्व डोंगरांवर आणि सर्व काळ लागू पडत नाही. राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ साली म्हशींची चराई बंद करण्यात आली. त्यावरून उसळलेल्या संघर्षात गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली, आणि पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले, की म्हशी गेल्यावर पाणगवत माजून पाणथळ जागा भरून गेल्या आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. साताऱ्याच्या कास पठारावर कुंपण घालून चराई थांबवल्याने फुलांचे काय होते, यावरही अभ्यासकांमध्ये मतभेद झाले आहेत.

जगात या विषयाचे चार मुख्य प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या १९१६ च्या मांडणीतून निघाला. वनस्पतींचा समुदाय एका अंतिम स्थितीकडे पायरीपायरीने जातो, चराई त्याला मागे खेचते आणि जनावरे कमी केली की तो पुन्हा पुढे सरकतो, असे तो मानतो. दुसऱ्या प्रवाहाने हे चित्र अपुरे ठरवले: वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर यांनी १९८९ मध्ये दाखवले, की कुरण एका स्थितीतून दुसरीत गेले की केवळ जनावरे काढून ते परत येत नाही, त्यासाठी वेगळा हस्तक्षेप लागतो. झुडपांनी व्यापलेल्या कुरणाबाबत हा विचार मोलाचा आहे, कारण एकदा झुडपाने सावली धरली, की तेथे जनावरे नसली तरी गवत परतत नाही. तिसरा प्रवाह जनावराच्या वर्तनाचा आहे. यूटा राज्य विद्यापीठातील फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी दाखवून दिले, की काय खावे हे पिल्लू आईकडून व अनुभवातून शिकते, म्हणून झुडूप खाण्याची सवय कळपाला लावता येते. फ्रान्समध्ये मिशेल म्यूरे यांनी मेंढपाळांच्या दिवसाच्या फेरीचा बारकाईने अभ्यास करून, कोणत्या क्रमाने कोणता चारा दाखवला म्हणजे जनावर नावडता पालाही खाते, हे मांडले. चौथा प्रवाह व्यवहाराचा आहे: स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात आगीच्या आडव्या पट्ट्यांवर कळप चारण्यासाठी मेंढपाळांना मोबदला दिला जातो, आणि कॅलिफोर्नियात शेळ्यांचे कळप भाड्याने घेऊन उतार साफ केले जातात. अ‍ॅलन सेव्हरी यांचा, दाट कळपाला सतत हलवत ठेवण्याचा आग्रहही बराच चर्चिला गेला. परंतु त्यांच्या व्यापक दाव्यांना पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याची टीका शास्त्रज्ञांनी केली आहे, आणि प्रस्तुत ग्रंथही त्यांतील फिरत्या कळपाचा विचार तेवढा घेतो, दावे घेत नाही.

आजच हा विषय निकडीचा होण्याची कारणे स्पष्ट आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या, म्हणजे जनावरे नाहीशी झालेली नाहीत. बदलली आहे ती त्यांची वहिवाट. उसाचे वाडे, पेंड आणि गोठ्यातील संकरित गाय यांच्याभोवती दुधाचा धंदा उभा राहिला, गुराखी मुले शाळेत गेली ही आनंदाची गोष्ट झाली, आणि दूरच्या उतारावर जनावर नेणारे हात कमी झाले. त्याच वेळी गावालगतच्या गायरानावरचा भार मात्र कायम राहिला किंवा वाढला. एकाच गावात एका टोकाला अतिचराई आणि दुसऱ्या टोकाला चराईचा अभाव असे चित्र त्यामुळे निर्माण झाले आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात राधानगरी, चांदोली, कोयना आणि कास यांचा समावेश आहे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला, ज्यामुळे गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे याची आठवण अभ्यासकांना पुन्हा करून द्यावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थायिक व भटक्या अशा दोन्ही पशुपालकांचे चराईचे सामूहिक हक्क मान्य केले आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. कायदा, संवर्धन आणि उपजीविका या तिन्ही चर्चा एकाच उतारावर येऊन मिळण्याचा हा काळ आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगितल्या पाहिजेत. राधानगरीच्या गव्यांसारख्या वन्य प्राण्यांना पाळीव जनावरांकडून लाळ्या-खुरकुतासारखे रोग जाऊ शकतात, म्हणून लसीकरणाशिवाय आणि वन्यजीव विभागाच्या संमतीशिवाय अभयारण्याच्या परिसरात कळप नेणे गैर ठरेल. वेड्या बाभळीच्या शेंगा खाणारी जनावरे तिचे बी शेणातून दूरवर पोहोचवतात, म्हणजे चुकीच्या वेळी चारलेला कळप झुडपाचा प्रसारकही होतो. दुर्मीळ वनस्पतींच्या सड्यांवर फुलोऱ्याच्या काळात चराई असू नये. बिबट्या आणि रानकुत्री यांच्यामुळे होणारे नुकसान मेंढपाळाने एकट्याने सोसावे, अशीही अपेक्षा करता येत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याची रीत या कामात चालत नाही. उतार, जनावर आणि ऋतू यांना रोज पाहणाऱ्या माणसाच्या हाती निर्णय असावा लागतो.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथाने तीन कामे हाती घेतली आहेत. वनस्पतिशास्त्र, पशुविज्ञान आणि पशुपालक समाजांचे ज्ञान ही आजवर वेगवेगळ्या विभागांत अडकलेली माहिती तो एकत्र आणतो. सडा, उतार, राईची कड आणि गायरान या चार भूमिरूपांसाठी चराईची वेगवेगळी वेळापत्रके सुचवतो. आणि ग्रामसभा, वनविभाग व मेंढपाळ यांच्यातील करार कोणत्या अटींवर उभा राहावा, त्याचे मोजमाप कसे करावे, याची चर्चा करतो. मोजमापाचा आग्रह येथे मुद्दाम धरला आहे, कारण चराईपूर्वी आणि चराईनंतर त्याच तुकड्यावरील गवत, झुडूप व उघडी माती यांची नोंद झाल्याशिवाय कोणताही दावा, मग तो चराईच्या बाजूचा असो वा विरोधाचा, विश्वासास पात्र ठरत नाही.

वाचकांत वनाधिकारी असतील, पशुवैद्य असतील, गावाच्या गायरानाची काळजी असलेले ग्रामस्थ असतील आणि शेळ्या-मेंढ्यांवर घर चालवणारी माणसेही असतील. त्यांपैकी शेवटच्या गटाला आजवरच्या बहुतेक योजनांत आरोपीच्या किंवा लाभार्थीच्या जागी बसवले गेले. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका अशी आहे, की झुडपांपासून डोंगर मोकळा ठेवणे हे कौशल्याचे काम असून ते करणाऱ्या मेंढपाळाला त्या कामाचा मोबदला, उतारावर जाण्याचा निश्चित हक्क आणि योजना ठरवणाऱ्या बैठकीत मत, या तिन्ही गोष्टी मिळाल्या पाहिजेत. एवढे मान्य झाले, तर पुढच्या पानांतील वेळापत्रके आणि मोजमापे प्रत्यक्षात उतरू शकतात; ते मान्य झाले नाही, तर सर्वोत्तम शास्त्रही डोंगराच्या पायथ्याशीच थांबून राहील.